सरांच्या तोंडाचं माप

आमच्या विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या निम्म्या माणसांचे दात चांगले असायचे. दुखायचे ते त्यांचे गुडघे.

दारावर मोठ्या अक्षरांत 'ऑर्थोडॉन्टिक्स' अशी पाटी होती, आणि 'ऑर्थो' म्हणजे हाडांचा डॉक्टर हे अमरावतीत प्रत्येक रिक्षावाल्याला माहीत आहे. त्यामुळे चांदूर बाजारहून एसटीने उतरलेले गुडघ्याचे, कमरेचे पेशंट रिक्षातून थेट आमच्या दंत महाविद्यालयात यायचे. दुसऱ्या कोणी त्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं असतं. आमचे विभागप्रमुख त्यांना आत बोलवायचे, खुर्चीत बसवायचे, पाणी द्यायचे आणि शब्दाचा अर्थ सांगायचे.

"हे पाहा काका. ग्रीकमध्ये ऑर्थोस म्हणजे सरळ. ओडोंट म्हणजे दात. फ्रान्सच्या डॉक्टरांनी हे दोन तुकडे जोडले आणि दात सरळ करायच्या शास्त्राला नाव दिलं. ते हे. तुम्हाला पाहिजे ते ऑर्थोपेडिक्स. त्यात सरळ तेच, पण पुढचा तुकडा लेकराचा आहे. वाकडी लेकरं सरळ करायची, म्हणून ते नाव. आता तुमचा गुडघा ना दात आहे, ना लेकरू. म्हणजे शब्द जोडणाऱ्यांनी तुमचा विचारच केलेला नाही."

"मंग मी कुठी जाऊ?" काका विचारायचे.

"मोठ्या दवाखान्यात जा. पण तिथल्या डॉक्टरला विचारा, तुमच्या पाटीवरचं लेकरू कुठं आहे?"

एक काका पुढच्या आठवड्यात खास परत आले. "विचारलं म्या," ते म्हणाले. "थो म्हणे, काका, गुडघ्याचं राहू द्या, डोक्याचा फोटो काढू." सरांनी त्यांना चहा पाजला. त्या दिवशी सर फार आनंदात होते.

मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा अकोल्याच्या एका डाळमिलमध्ये काट्यावर असतात, पोत्यांची वजनं करतात. पोरगी दाताची डॉक्टर होऊन राहिली, असं त्यांनी सगळ्या मिलमध्ये सांगून ठेवलं होतं. कॉलेजात मात्र मी पहिली दोन वर्षं बहुतेक गप्पच राहिले. तोंड उघडलं की वऱ्हाडी निघेल आणि पुण्याकडच्या मुली हसतील, अशी भीती होती. सर स्वतः अकोल्याचे. राग आला किंवा आनंद झाला की ते वऱ्हाडीत बोलायचे, आणि या दोन्हींच्या मधल्या जागेत ते फारसे कधी नसायचे.

त्यांना वाकडं काही चालत नसे. भिंतीवरचं घड्याळ, टेबलावरचा पेन, बाहेर काढलेल्या चपला. एकदा संध्याकाळी मी आणि माझी रूममेट राजापेठेत मेसवर चाललो होतो. एका मिठाईच्या दुकानासमोर गर्दी दिसली. पाहतो तर सर स्टुलावर चढून दुकानाची पाटी सरळ करत होते. खाली दुकानदार उभा, मागे टू-व्हीलरवाले हॉर्न वाजवून राहिले. सरांनी आम्हाला पाहिलं.

"उभ्या काय राहिल्या? स्टूल धरा."

आम्ही धरलं. दुसरं काय करणार? सरांनी पाटी सरळ केली, खाली उतरले, मागे सरकून पाहिलं. दुकानदारानंही पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "आता दुकान वाकडं दिसून रायलं ना."

खरंच तसं दिसत होतं. सरांनी मान एका बाजूला करून, मग दुसऱ्या बाजूला करून बराच वेळ निरखलं. "ते माझ्या विषयात येत नाही," असं म्हणाले आणि निघून गेले.

आमच्या विषयात तारेला फार महत्त्व आहे. तार दुकानातून गुंडाळी होऊन येते. दुसऱ्या विभागांत पोरं रूट कॅनाल शिकत होती तेव्हा आम्ही आठवडेच्या आठवडे फक्त ती तार बोटांनी सरळ करत बसायचो. सरळ झाली की नाही हे काचेवर लोळवून पाहायचं. जरासा बाक असला की तार काचेवर उड्या मारते. सर कान लावून ऐकायचे. "जिला सरळ तार सरळ करता येत नाही," ते म्हणायचे, "तिला वाकडी करायचा अधिकार नाही." बोटांना भोकं पडायची. मेसमध्ये वरणात बोट बुडालं की कळायचं.

दात कसा हलतो हे त्यांनी शिकवलं ते मी कधी विसरणार नाही.

"शेत कोणाकोणाच्या घरी आहे?" त्यांनी विचारलं. काही हात वर झाले. "शेजारी नांगरताना दरवर्षी धुरा, म्हणजे मधला बांध, किती सरकवतो?"

"बोटभर, सर," मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला.

"तुझ्या बापाला कळते?"

"नाही कळत, सर."

"कधी कळते?"

"सरकारी मोजणी आली का."

"बस. दात असाच सरकवायचा. जोर थोडा, पण रोजचा. हाडाला पत्ता लागला नाही पाहिजे. एका वर्षी हातभर सरकवला की भांडण होते."

तो मुलगा काही खाली बसला नाही. त्यांच्या धुऱ्याचा खटला चालू होता, हे आम्हाला नंतर कळलं. "सर," तो म्हणाला, "म्हणजे हे चोरीचं शास्त्र झालं ना?"

सरांनी खरोखर विचार केला. "पद्धत चोरीची आहे," ते म्हणाले. "हेतू चांगला आहे."

आता एक गोष्ट सांगायला हवी. सरांचे स्वतःचे दात वाकडे होते. थोडेथोडके नाही. खालचे दात एसटीच्या दारात एकदम शिरू पाहणाऱ्या माणसांसारखे एकमेकांच्या खांद्यावर चढलेले, आणि वरचा डावीकडचा सुळा सगळ्यांच्या पुढे. त्यावर त्यांनी जाड मिशी राखली होती. हसताना ते ओठ मिटून हसायचे. सगळ्या कॉलेजला हे दिसत होतं आणि कोणाला दिसत नव्हतं. सीनियर मुलींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बोलताना सरांच्या कपाळाकडे पाहायचं. आम्ही सगळे कपाळाकडेच पाहायचो.

परीक्षेसाठी आमच्या विभागाची एक अट होती. प्रत्येकाने एका पेशंटच्या तोंडाचं माप, म्हणजे लगद्यात दातांचा ठसा, घ्यायचं, त्यावरून दात सरकवणारी, काढता-घालता येणारी तारेची प्लेट करायची आणि ती त्या पेशंटच्या तोंडात बसवायची. मग सर केसपेपरवर सही करणार. सही नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही, सहा महिने गेले. पेशंट ज्याचे त्याने शोधायचे. त्यामुळे आमच्याकडे मामा, काकू, घरमालक, मेसवाल्या काकू असे सगळे धरून आणलेले लोक असायचे.

इथवर सगळीकडे तसंच असतं. आमच्या सरांचा नियम वेगळा होता. माप घेण्याआधी ते तोंडी परीक्षा घ्यायचे, आणि ती आमची नाही, पेशंटची. प्रश्न तीन. हा शब्द काय आहे? तुमच्या तोंडात काय होणार आहे? आणि हे तुम्हाला कशाला पाहिजे? पेशंट नापास झाला तर त्याच्या तोंडाला हात लावायचा नाही.

"ज्याचं तोंड आहे त्याला कळलंच पाहिजे," ते म्हणायचे.

त्यामुळे बाकावर सकाळी अभ्यास चालायचा. गुडघेवाल्यांच्या शेजारी बसून कोणाची तरी मोठी आई डोळे मिटून "ऑर्थोस सरळ, ओडोंट दात" असं आरतीसारखं म्हणत असायची. तिने पहिलं उत्तर इतकं छान दिलं की सर खूश झाले. दुसऱ्या प्रश्नालाही तिने तेच उत्तर दिलं. तिसऱ्यालाही. एका मुलाचा मामा तर नंबर आल्यावर बाकावरून उठून पळाला. दहावीनंतर परीक्षा म्हटलं की त्याला घाम फुटायचा. त्या मुलाने त्याला गेटपाशी गाठलं, पण मामा काही परत आला नाही.

माझी पेशंट पास झाली होती. पण माप घ्यायच्या आधीच तिचं लग्न जमलं आणि ती नागपूरला निघून गेली. परीक्षा तोंडावर आली होती. मी राजापेठेत क्लासेसच्या बाहेर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे दात पाहू लागले. लोक मला चुकवून पलीकडून जायला लागले. शेवटी घरी फोन केला आणि रडले.

बाबा म्हणाले, "तुया आत्याच्या दातात फट हाय ना वं?"

होती. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये, तुरीच्या डाळीचा दाणा आडवा जाईल एवढी. आत्या अकोल्याजवळच्या खेड्यात अंगणवाडीत मदतनीस आहे. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. तिला दाताचं काही पडलेलं नव्हतं, पण पोरीची परीक्षा म्हटल्यावर ती लुगड्याचा पदर खोचून तयार झाली. मी तिला आणायला गेले. मूर्तिजापूर येईस्तोवर एसटीत मी तिला तीन प्रश्न आणि तीन उत्तरं शिकवली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता ऐकत होता. आत्या 'ओडोंट'पाशी अडली की तोच मागून सांगायचा. बडनेऱ्याला गाडी आली तेव्हा पुढच्या चारही सिटांना शब्दाचा अर्थ पाठ झाला होता. उतरताना एका आजोबांनी मला विचारलं, "पोरी, गुडघ्याचंही करता का तुमी?"

"जयभीम, सर," आत्या आत जाऊन म्हणाली.

"जयभीम. बसा." सरांनी खुर्ची सरळ करून दिली. "हा शब्द काय आहे?"

आत्याने फाडफाड सांगितलं. दुसरंही सांगितलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

"आणि हे तुम्हाला कशाला पाहिजे?"

"दिसायले बरं," आत्या म्हणाली. मी तसंच शिकवलं होतं.

"कोणाले?"

हे शिकवलेलं नव्हतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं.

"तिच्याकडं नका पाहू. मायाकडं पाहा. कोणाले बरं दिसायले पाहिजे?"

"लोकायले," आत्या म्हणाली.

"लोकं काही बोलतात?"

"कोण बोलते! बोलून तं पाहावं."

"मग ही फट तुमच्या कामात आड येते का?"

"आड काहून येईन?" आत्याचा अभ्यास इथे संपला आणि खरं बोलणं सुरू झालं. "कामात येते. गावभर पोट्टे पांगलेले रायतात. मी या फटीतून शिटी वाजवतो, का खिचडी खायले सरे हजर."

"वाजवून दाखवा."

आत्याने जीभ फटीला लावली. नंतर रूममेट म्हणाली की ती शिटी तिला दुसऱ्या मजल्यावर ऐकू आली. विभागातली सगळी मशीनं थांबली. शेजारच्या खुर्चीवर तोंड उघडून पडलेला एक दणकट पोलीस, छातीवर रुमाल तसाच, उठून ताठ उभा राहिला.

सरांनी डोळे मिटून ती शिटी शेवटपर्यंत ऐकली.

"ही फट बुजवायची नाही," ते म्हणाले. "पेशंट पास. केस रद्द."

मला क्षणभर समजलंच नाही. आत्याला आधी समजलं.

"म्हंजे? अन् माया पोरीच्या सहीचं कसं?"

"तिनं दुसरा पेशंट आणायचा."

"कुठून आणन थे आता? परीक्षा आली ना हो!" आत्या उभी राहिली. "मले चालते ना. माई फट, माई मर्जी. बुजवा म्हणतो मी."

"तुम्हाला नको आहे, तिच्यासाठी पाहिजे आहे. ते चालत नाही."

"बरं, मंग तुमचे करा ना सरळ!" आत्या म्हणाली. "लोकायले इतलं शिकवून रायले, अन् सोताचे पायले का आरशात? सरे वाकडे हायेत. थो सुळा तं मिशीतून डोकावून रायला."

पोलीस हळूच खाली बसला.

मी फरशीकडे पाहत होते. एका फरशीचा कोपरा तुटलेला होता, तो मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. सरांचा हात मिशीवर गेला. ते आपल्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

स्टँडवर आत्याने मला विचारलं, "म्या वंगाळ बोलली का वं?" मला तिच्यावर रागवायचं होतं, पण ती खोटं काही बोलली नव्हती. मी नुसतं तिला गाडीत बसवून दिलं. त्या रात्री मी बाबांना फोन केला नाही. काट्यावर उभं राहून ते लोकांना काय सांगतील, हाच विचार येत होता.

सकाळी विभागात गेले तर बाकावर नेहमीची मंडळी होती. एक गुडघा, एक कंबर, आणि त्या दोघांच्या मधे, मांडीवर केसपेपर घेऊन, सर. त्यांनी खाली खिडकीवर रांग लावून तो केसपेपर काढला होता. पायात साध्या चपला होत्या. जुळवून ठेवल्या होत्या.

"मिळाला पेशंट?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, सर."

"मी आलो आहे."

मी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. ते म्हणाले, "कपाळाकडे काय पाहता? दात खाली आहेत."

पण नियम आडवा आला. पेशंटची तोंडी परीक्षा झाल्याशिवाय माप घ्यायचं नाही, आणि विचारणारे सर, सांगणारेही सर, हे सरांना मान्य नव्हतं. त्यांनी विभागातल्या दोन्ही मॅडमना सांगून पाहिलं. एका मॅडमना एकदम मीटिंग आठवली, दुसऱ्यांच्या मुलाला ताप आला.

"तुमच्या आत्याला बोलवा," सर म्हणाले.

मी आत्याला फोन लावला. "मी नायी येत, बाप्पा," ती म्हणाली. "थे मले पोलिसात देतीन. पोलीस तं तिथंच होता."

"आत्या, सर परीक्षेला बसले आहेत."

"कोणाच्या?"

"तुझ्या. तू घ्यायची आहे."

तिने मागे ओरडणाऱ्या पोरांना गप्प केलं. मग ती म्हणाली, "किती वाजता येऊ?"

ती दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आली, अंगणवाडीच्या मीटिंगला नेसते ते चांगलं लुगडं नेसून. सरांच्या खुर्चीत बसली. सर समोर, पेशंटच्या खुर्चीत.

"हा शब्द काय हाय?" तिने विचारलं.

सरांच्या आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी त्यांना विचारला असावा. ते फुलून आले. त्यांनी ग्रीक सांगितलं, फ्रेंच सांगितलं. ऑर्थोस म्हणजे नुसतं सरळ नाही, योग्यही, हे सांगितलं. आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती. बाहेरच्या बाकावरचे काका दारात येऊन उभे राहिले.

"पास," आत्या म्हणाली. "पण आमच्या पोट्ट्यायले असं सांगसान तं झोपतीन. तोंडात काय होईन?"

सरांनी धुऱ्याचं सांगितलं. आत्याला ते लगेच पटलं; तिच्या गावात असा धुरा सरकलेला तिने पाहिला होता, आणि कोणी सरकवला हेही तिने नावानिशी सांगितलं. ते सांगून झाल्यावर ती पुढे वाकली.

"अन् हे तुमाले काहून पायजे?"

"विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून," सर म्हणाले.

"नायी."

"चावायला बरं पडेल. खालचे दात घासता येत नाहीत नीट."

"इतले वर्सं तं चावलं. नायी."

सरांचं बोट मिशीवरून फिरलं.  माझी सही त्या एका उत्तरावर अडली होती आणि मला उत्तर येत नव्हतं. आत्याला शिकवलं तसं सरांना कोणी शिकवून ठेवलेलं नव्हतं.

"मी भितो," सर शेवटी म्हणाले. वऱ्हाडी नव्हतं, पुस्तकीही नव्हतं. "माप घेताना तो लगदा घशाकडे जातो ना, मला ओकारी येते. मी शिकत होतो तेव्हा मित्रांनी माझं माप घ्यायला घेतलं. मी तोंडात ट्रे तसाच ठेवून हॉस्टेलपर्यंत पळत गेलो. तेव्हापासून सगळ्यांची मापं घेतो, माझं कोणाला घेऊ दिलं नाही. मिशी ठेवली." मग ते म्हणाले, "हसताना ओठ मिटून मिटून कंटाळा आला आता."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "पास हायेत थे," ती म्हणाली. "घे वं माप. पण धरून ठेवजो."

इथवर मी नुसती पाहणारी होते. आता सगळं माझ्या हातात आलं. मापाची पावडर पाण्यात कालवली की ती लगेच घट्ट व्हायला लागते, वाट पाहत नाही. मी भांड्यात कालवलं. ट्रेमध्ये भरलं. "सर, आ करा," म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. परत म्हटलं. सरांनी आ केला. त्यांचे सगळे दात पहिल्यांदाच असे सरळ समोर दिसले, म्हणजे वाकडे, पण समोर.

ट्रे बसला आणि सरांचे डोळे मोठे झाले. हात खुर्चीच्या दांड्यावर गेला. मी ओळखलं की आता ते पळणार.

ओकारी येणाऱ्या पेशंटचं लक्ष दुसरीकडे वळवायला त्याला एक पाय वर धरायला सांगतात. सगळं ध्यान पायात जातं आणि घसा विसरतो. हे आम्हाला सरांनीच शिकवलं होतं.

"सर, पाय वर करा," मी म्हणाले.

त्यांनी उजवा पाय वर केला. चप्पल पडली. घशातून खाकरण्याचा आवाज आलाच.

"दुसराही करा!" आत्या म्हणाली. ती मागून येऊन सरांचं डोकं दोन्ही हातांनी धरून उभी राहिली होती. "दोन्ही वर. नाकानं श्वास घ्या. अंगणवाडीतले पोट्टे डोस घेतानी इतला धिंगाणा नायी करत. घ्या. घ्या नाकानं."

विभागप्रमुखांचे दोन्ही पाय छताकडे गेले. नेमक्या त्याच वेळी डीन मॅडम कुठल्यातरी कागदावर सरांचं मत विचारायला आत आल्या. त्यांनी पाय पाहिले. मग पायांच्या मागचं लुगडं पाहिलं. मग मला पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"माप," मी म्हणाले.

"आवाज नका करू, मॅडम," आत्या हळू आवाजात म्हणाली. "पेशंट भेला हाय."

डीन मॅडम आवाज न करता मागच्या पावली निघून गेल्या. सरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते उठले नाहीत. लगदा घट्ट झाला तसा मी ट्रे काढला. वरचे सगळे दात उमटले होते. ओळीतला एक एक, आणि तो सुळासुद्धा. एक बुडबुडा नव्हता. आत्याने सरांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "शाबास." सरांनी पाय खाली घेतले, पडलेली चप्पल घातली आणि ते माप उजेडात धरून खूप वेळ पाहत राहिले.

"फार वाकडे आहेत हो," ते म्हणाले.

प्लेट मी रूममेटच्या मदतीने केली. तार काचेवर एकदाही उडी न मारेपर्यंत सरळ केली, मग वाकवली. बसवायला गेले तेव्हा सरांनी आरशात पाहिलं, दाताला धरणारा डावीकडचा तारेचा आकडा ढिला आहे म्हणून परत पाठवली. मी आणली, त्यांनी परत पाठवली. अशी ती तीनदा माझ्याकडे आली. मला रडू येत होतं, पण प्लेट खरंच ढिली होती. चौथ्यांदा ती टक आवाज करून बसली.

दुसऱ्या दिवशी मी केसपेपर घेऊन केबिनमध्ये गेले. सर गाल धरून बसले होते.

"दुखते," ते म्हणाले. प्लेटमुळे शब्द बोबडा येत होता.

आम्हाला पेशंटला काय सांगायचं ते शिकवलेलं होतं, तेच मी सांगितलं. "दाब आहे, सर. दुखणं नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कोणी शिकवलं?"

"तुम्ही, सर."

"खोटं आहे ते," सर म्हणाले. "लोकायले असं सांगायचं नाही आजपासून. दुखते म्हणायचं. चार दिवसांनी कमी होते म्हणायचं." मग त्यांनी केसपेपर ओढला. 'पेशंटची तक्रार' या रकान्यात मराठीत 'दुखते' असं लिहिलं. त्याखाली पेशंटची सही केली, मराठीत. मग पेन बदलला, चष्मा लावला, पान सरळ केलं, आणि सगळ्यात खाली विभागप्रमुखाची सही केली, इंग्रजीत. दोन्ही सह्या वाळेपर्यंत त्यांनी पान धरून ठेवलं.

मी कागद घेतला. आता जावं की थांबावं, कळत नव्हतं. सर काही तरी व्हायची वाट पाहत असल्यासारखे समोर बसून होते.

"पुढची तारीख?" त्यांनी विचारलं.

तारीख द्यायची ती मी, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

"पुढच्या मंगळवारी," मी म्हणाले. "दहा वाजता."

"दहाला माझं लेक्चर आहे."

"मग नऊला या, सर," मी म्हणाले. "उशीर केला तर बाहेर बाकावर बसावं लागेल."

सरांनी मान हलवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवारभोवती गोल केला.